पेठ रोडवरचा नाकवाला

नाशिकच्या पेठ रोडवर बुद्धभूषण पगारे कुठे राहतो असं विचारलंत तर लोक खांदे उडवतील. "नाकवाला" म्हणालात तर रिक्षावाला न विचारता गॅरेजच्या दारात आणून सोडेल. भूषणचं स्वतःचं नाक बेताचंच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हे नाव पडलं ते गाडीच्या नाकावरून.

आता गाडीचं नाक म्हणजे काय ते सांगून टाकतो. आम्ही एकाच कॉलनीत राहतो, त्यामुळे मी ते किमान चाळीस वेळा ऐकलंय आणि कधीतरी ते कुणावर तरी उतरवायचंच होतं. गाडीची चाकं फिरवणारा जो लोखंडी ॲक्सल असतो, त्याच्या पोटात दातेरी चक्रं तेलात बुडून फिरत असतात. गाडी चालली की ॲक्सल तापतो आणि आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट हवी म्हणून वर करंगळीच्या पेराएवढी एक टोपी बसवलेली असते. ती म्हणजे ब्रीदर. गिअरबॉक्सलाही असाच एक असतो. तो चिखलाने बुजला तर फुगलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. आणि तापलेला ॲक्सल एकदम गार पाण्यात शिरला तर आतली हवा आकसते, टोपी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि तेलाचा चहा होतो. बस, एवढंच आहे. भूषण यालाच पाऊण तास घेतो.

अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षं त्याचं काम एकच होतं. समोर ॲक्सल आला की त्याला ब्रीदर बसवायचा. त्याच्या अलीकडचा माणूस बेअरिंगं बसवायचा, पलीकडचा ब्रेकचे ड्रम. त्या दोघांकडे घरी सांगायला काहीतरी होतं. भूषण टोप्या घालायचा. पण बारा वर्षं एकच वस्तू हातात असली की माणूस एकतर तिचा द्वेष करतो नाहीतर तिच्या प्रेमात पडतो. भूषणचं दुसरं झालं.

एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की पुढे रंगकाम करणारे लोक टोपीवरूनच रंगाचा फवारा मारतात आणि टोपी जाम होते. त्याने सुपरवायझरला दाखवलं. सुपरवायझर म्हणाला, "पगारे, तू टोपी घाल. रंगाचं रंगवाले बघतील." भूषणने आणखी दोन दिवस सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने लाल बटण दाबलं आणि सगळी लाइन एकोणीस मिनिटं उभी राहिली. पुढच्या महिन्यात कंत्राटाच्या नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यावर छापलं होतं 'बुद्धिभूषण पगारे'. त्याची बायको प्रतिभा महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिने ते घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "चुकून का होईना, कौतुक केलंय."

मग त्याने पेठ रोडला गॅरेज टाकलं. हात चांगला, जीभ वाईट. माणूस हॉर्न वाजत नाही म्हणून यायचा आणि भूषण थेट गाडीखाली शिरायचा. खालून आवाज यायचा, "तुमच्या गाडीचं नाक चोंदलंय. दसऱ्याला बोनेटला हळदकुंकू लावता, खाली वाकून कधी बघितलंय?" गिऱ्हाईक हॉर्न न दुरुस्त करताच पुढच्या गॅरेजला जायचं.

"अहो, बरोबर असणं वेगळं आणि गॅरेज चालवणं वेगळं," प्रतिभा सांगायची.

"मग काय खोटं बोलू?"

"गप्प बसायला काय होतं? ते खोट्यात धरत नाहीत."

अशात एकदा सुयश आला. गंगापूर रोडला त्याचं मंगल कार्यालय आहे. लग्नांचा हंगाम संपला की तो मोठ्या गाडीवाल्या मित्रांना घेऊन पेठ-सुरगाण्याकडच्या ओढ्यांत गाड्या घालायला जातो. चाकात हवा भरायला तो थांबला होता. ऑटोमॅटिक गिअरची उंच गाडी, आणि बोनेटच्या बाजूने टपापर्यंत गेलेली काळी सोंड. इंजिनाला पाण्यात वरून हवा मिळावी म्हणून ती लावतात.

भूषण सवयीने खाली डोकावला. "साहेब, इंजिनाला सोंड दिली, पण गिअरबॉक्सचं नाक अजून गुडघ्याखाली आहे. ओढ्यात घालाल तर पाणी पिईल."

"मिस्त्री, कंपनीच्या इंजिनिअरना हे कळलं नसेल का?"

"कंपनीने रस्त्यावर चालवायला दिलीय. म्हशीसारखी डुंबवायला नाही."

सुयशला याचा राग आला नाही. त्याने भूषणला पुन्हा बोलायला लावून मोबाइलवर चित्रण केलं आणि मित्रांच्या ग्रुपवर 'नाकवाला मिस्त्री' म्हणून टाकलं. दोन दिवसांत ते सगळ्या पेठ रोडला पोचलं. तेव्हापासून हे नाव.

त्या चित्रणामुळे एकच गिऱ्हाईक मिळालं, ते धनराज. पेठच्या पलीकडच्या एका गावातून तो काळी-पिवळी जीप चालवतो. वाटेत दोन फरशी पूल, पावसाळ्यात दोन्हींवर पाणी. "भाऊ, दर साली मागली बेअरिंगं जातात," तो म्हणाला. "तू ते नाकाचं बोलला ना, तेच हाय का बघ."

तेच होतं. भूषणला इतका आनंद झाला की त्याने धनराजला दोनदा चहा पाजला. जुनी टोपी काढली, तिच्या जागी नळी बसवली, नळीचं तोंड पार वर सीटच्या मागे नेलं. दुपारपर्यंत काम संपलं. नंतर आठवडाभर त्याचं गॅरेजमध्ये वागणं असं होतं की जणू गोदावरीवर धरण बांधून आलाय.

तीन आठवड्यांनी धनराजची जीप ट्रॅक्टरला बांधून आली. मागचा ॲक्सल जाम झाला होता. भूषणने तेल सोडलं तर दुधाळ पाणी आलं. तो खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी तेव्हा तिथेच माझ्या स्कूटरचा ब्रेक करून घ्यायला बसलो होतो. त्याने नळी सायलेन्सरच्या बाजूने नेली होती. आडवा पट्टाही बांधला नव्हता. हलता हलता नळी खाली लोंबली, सायलेन्सरला टेकली आणि वितळून तिला भोक पडलं. तेही टोपीच्या जुन्या जागेपेक्षा खाली. म्हणजे आधी ॲक्सल पाणी घोटघोट पीत होता, भूषणने त्याला स्ट्रॉ लावून दिला.

धनराजला यातलं काही दिसलं नव्हतं. नळी खराब लागली, माल हलका निघाला, असं काहीही सांगता आलं असतं. भूषण बाहेर आला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. हे वाक्य बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं.

धनराज चिडला नाही. तो म्हणाला, "परवापासून बंद हाय गाडी. आमच्या गावची एक बाई तापलेलं पोर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेली. बरं हाय आता पोर. पण आठ किलोमीटर चालली ती."

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. भूषण त्या दिवशी घरी जेवला नाही. प्रतिभाने कारण विचारलं, ते ऐकलं, आणि एकदाही "मी म्हणत होते" असं म्हणाली नाही. उलट म्हणाली, "सुटे भाग यायला पाच दिवस लागणार ना? आपली व्हॅन दारात उभीच आहे."

मग पाच दिवस गॅरेजला कुलूप, आणि भूषण धनराजच्या रस्त्यावर व्हॅन चालवत होता. धनराज शेजारी बसून वाट सांगायचा. पहिल्याच दिवशी अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि नाचणीचं एक पोतं. एका म्हातारीने त्याला विचारलं, "तूच का रे तो, जीप बुडवणारा?" तो हो म्हणाला. मग तिने ती बातमी मागच्या सीटवर पोचवली. पाच दिवस प्रत्येक फेरीला त्याची अशीच ओळख करून देण्यात आली. पेठ रोडवर नाकवाला, इथे जीप बुडवणारा. भूषणने वाद घातला नाही. रोज पहिल्या फरशीपाशी तो व्हॅन थांबवायचा, पॅंट वर करून पाण्यात उतरायचा आणि एका काठीवर पाणी कुठवर येतं त्याची खूण करून ठेवायचा. प्रवासी वैतागायचे. धनराज म्हणायचा, "थांबा जरा. शिकतंय ते."

जीपचा ॲक्सल नव्याने उभा राहिला तेव्हा भूषणने नळीचं काम दोन दिवस केलं. यावेळी जाड, उष्णता सोसणारी नळी, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने. ॲक्सल खड्ड्यात वरखाली होतो म्हणून नळीला मधे थोडी ढील ठेवली, नाहीतर ताण येऊन ती निसटते. प्रत्येक वीतभर अंतरावर पट्टा. वरचं टोक मागच्या दिव्याच्या आत, पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर उंच, आणि तोंड खाली वळवलेलं. त्या तोंडाला बारीक जाळीचा फिल्टर, कारण कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. ती मातीचं घर बांधते आणि नाक पुन्हा बंद. मग तो धनराजबरोबर गेला, जीप दोन्ही फरश्यांवरून चार वेळा नेली आणि पलीकडे उभं राहून ॲक्सलचं बूच उघडलं. तेल मधासारखं स्वच्छ होतं. त्याने ते बोटावर घेऊन इतकं जवळून पाहिलं की आता चाखतो की काय अशी धनराजला भीती वाटली.

त्याच श्रावणात सुयशची टोळी ओढे पालथे घालायला निघाली. त्यांचं जेवण न्यायला गावातलीच गाडी हवी होती, ती धनराजची. सहा मोठ्या गाड्या आणि मागून मिसळीची पातेली घेऊन काळी-पिवळी. सुयशने एकाच ओढ्यात सातदा गाडी घातली, कारण सहाव्यांदा चित्रण नीट आलं नव्हतं. परतताना घाटात त्याची गाडी नुसतीच गुरगुरायला लागली, पुढे सरकेना. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरलं होतं. बाकीच्यांच्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. शेवटी धनराजने दोर बांधला, आणि ती सोंडवाली गाडी रिकाम्या पातेल्यांच्या मागून, त्यांचा खडखडाट ऐकत, नाशिकपर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सुयश गॅरेजवर येणार हे कळलं तेव्हा आम्ही चारपाच जण काही काम नसताना तिथे जमलो. भूषण आता त्याला सोलणार याची आम्हाला खात्री होती. सुयशचीही तयारी दिसत होती, मान खाली घालूनच आला.

भूषण म्हणाला, "बसा. गिअरबॉक्स उघडावा लागेल, आतल्या प्लेटा गेल्या असतील. ते काम माझं नाही, कुणाकडे द्यायचं ते सांगतो. तो दुरुस्त होऊन आला की नळी मी टाकतो. मीपण एक जीप बुडवलीय."

आम्ही निराश झालो. पण चारेक मिनिटांनी त्याला राहवलं नाही. "सोंड मात्र शोभते हो गाडीला," तो म्हणाला. सुयशच आधी हसला.

गाडी बरी झाल्यावर सुयशने त्याला टोळीसमोर बोलायला बोलावलं, आपल्याच मंगल कार्यालयात. मागे कुणाच्या तरी साखरपुड्याची फुलं तशीच होती. भूषणने इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्रतिभा शेवटच्या रांगेत उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मी पाऊण तासाची मनाची तयारी करून गेलो होतो. त्याने बारा मिनिटं घेतली, आणि त्यातली दहा वितळलेल्या नळीवर, त्या बाईच्या आठ किलोमीटरवर आणि काठीच्या खुणांवर. कारखान्यातल्या लाल बटणाचा उल्लेखही केला नाही. शेवटी म्हणाला, "आपापली गाडी बघा. टोपी कुठे आहे ती सापडली तर पुढचं बोलू."

सगळे उठून बाहेर गेले. कार्यालयाच्या आवारात वीसेक कर्तीसवरती माणसं, कुणी डॉक्टर, कुणी द्राक्षबागायतदार, पांढऱ्या शर्टात फरशीवर पाठ टेकून आपापल्या गाडीखाली शिरली. नुसत्या बुटांची रांग दिसत होती. वॉचमन धावत आला आणि काय हरवलं म्हणून विचारू लागला. भूषण एकेका बुटापाशी उकिडवा बसून हळू आवाजात सांगत होता, "अजून मागे. आता हात वर. हां, तीच."

प्रतिभाने दाराशी येऊन हे सगळं पाहिलं, उरलेल्या उत्तरपत्रिका मोजल्या आणि पुन्हा आत जाऊन बसली.