माझं खोटं लंगडणं

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी लंगडायला शिकले. हसा, हसण्यासारखंच आहे. आमच्या घरात या गोष्टीवर अजून हसतात — पण घरच्यांना ती अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी मी नवऱ्याला सांगितली नाही, मुलाला नाही, मुलीला नाही. अकरा वर्षं झाली. जिला सांगायला हवी होती ती बाई तीन वर्षांपूर्वी वारली. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच काहून? ते मलाही नीट ठाऊक नाही.

परवा मुलीची मुलगी माझं कॅनडाचं तिकीट काढत बसली होती. मी शेजारी मेथी निवडत होते. स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "आजी, व्हीलचेअर टिक कर दूँ? सब आंटी लोग करवाते हैं."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की पोरगी दचकली.

"अरे, क्या हुआ?"

"काही नाही."

काही नाही! पहा, बहात्तराव्या वर्षीही खोटं कसं पटकन येतं तोंडात.

तर तेव्हाची मी. मोठी चलाख बाई होते — म्हणजे असं फक्त माझंच मत होतं. रोज सकाळी रायपूरच्या बूढ़ा तालाबला चार चकरा मारायचे. आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या, माझ्या निम्म्या वयाच्या सुना दोन चकरांत बाकावर बसायच्या आणि मी त्यांच्याकडे पाहत, मुद्दाम हात हलवत पुढे जायचे. अशी मिजास. पाय म्हणजे लोखंडाचे.

मुलगा टोरोंटोला. नातू चार महिन्यांचा झाला होता, सुनेला कामावर परतायचं होतं, आणि मला बोलावणं आलं — सहा महिने. हे रेल्वेतून रिटायर होऊन घरीच होते, पण यायला तयार नाहीत. "सहा महिने थंडीत ठेवाले मी का बटाटा हाय का?" म्हणाले. म्हणजे जायचं मी एकटीने. नागपूरच्या पुढे मी कधी एकटी गेले नव्हते. इंग्रजी येत होतं ते साबणाच्या वडीवर लिहिलेलं वाचण्यापुरतं.

समोरच्या शुक्ला दीदी नुकत्याच अमेरिकेहून आल्या होत्या. त्यांनी मंत्र दिला. "भाभी, व्हीलचेअर लिखवा दो. कुछ पूछना नहीं, कुछ पढ़ना नहीं. एक आदमी आता है, बिठाता है, सीधा हवाई जहाज के दरवाज़े तक. मेरे घुटने को क्या हुआ है? कुछ नहीं!" आणि त्या खरोखर उडी मारून दाखवत्या झाल्या.

पटलं. कोणाला नाही पटणार? मुलाला फोनवर सांगितलं, गुडघे दुखतात रे हल्ली. तो बिचारा घाबरला, लगेच लिहून टाकलं त्याने. मग मी सराव सुरू केला. स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर. हे पेपर बाजूला ठेवून पाहत होते.

"कोणता पाय?"

"उजवा."

"मंग डावा काहून ओढून राहिली?"

इथवरची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. दिवाळीला जमलो की हे माझी नक्कल करतात. मीही हसते. पण त्यापुढची अर्धी —

थांबा. क्रमाने सांगते.

रायपूरच्या विमानतळावर आम्ही दोघी खुर्चीवाल्या होतो. दुसरी शेवंताबाई. गुढ़ियारीची, माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी. मालक रेल्वेत होते, वारलेले. वर्षभरापूर्वी ती न्हाणीत घसरून पडली होती, कमरेत सळई टाकलेली. काठी टेकत, एका अंगाला झुलत चालायची. तीही टोरोंटोलाच निघालेली, तीही एकटी. दोन मराठी बाया पाहून काउंटरवरच्या पोरीने आम्हाला शेवटपर्यंत शेजारच्या जागा दिल्या. मला केवढा आनंद झाला! बोलायला माणूस मिळालं.

दिल्लीहून पुढच्या चार तासांत मी बोलले, बोलले, बोलले. कशावर? माझ्या गुडघ्यांवर. ती कळवळून ऐकत होती, आणि ऐकणारा असा मिळाला की मला चेव येतो. जिना चढताना कळ कशी थेट मांडीत जाते. देवापुढे मांडी घालता येत नाही. कितीतरी रात्री मी उशाशी तेलाची वाटी घेऊन बसलेली असते. सगळं बनवलेलं! शुक्ला दीदींच्या सासूचं दुखणं, थोडं माझ्या मावशीचं, उरलेलं माझ्या डोक्यातलं. शेवंताबाई "अगं माय" म्हणत माझ्या गुडघ्यावरून हात फिरवत होती. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. मी तो फिरवू दिला.

तिने स्वतःचं अगदी शेवटी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "पोरीले पाहाले चालली, ताई. एकच पोरगी हाय. महिना झाला दवाखान्यात. जावाई म्हणते, आई, लवकर या. लवकर म्हणजे का, ते मी इचारलं नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते होताना मला सगळं माहीत होतं.

दिल्लीहून विमान उशिरा निघालेलं. मध्ये आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि वेळ अगदी थोडा उरला होता. दारातून बाहेर आलो तर खुर्चीवाल्यांची नावं तीन, आणि खुर्च्या दोन. एकीवर एक सरदारजी आजोबा बसले, त्यांच्या नाकात नळी होती. उरली एक. खुर्ची ढकलणारा आपल्या इकडचाच, पिकल्या मिशांचा, हिंदी बोलणारा. म्हणाला, "माताजी, आप दोनों में से कोई थोड़ा चल पाएँगी? गेट बहुत दूर है. दूसरी कुर्सी मँगवाई है, पर टाइम लगेगा."

मी चालू शकत होते. मी पळू शकत होते! त्या माणसाच्या खुर्चीच्या पुढे पोचून त्याची वाट पाहू शकत होते.

शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं. आणि माझा हात — मी ठरवलं नव्हतं, खरंच — माझा हात उजव्या गुडघ्यावर गेला. तोंडही वाकडं झालं असेल. चार तास जे सांगितलं ते आता कसं फिरवायचं? या बाईपुढे, हिच्या डोळ्यांदेखत, उठून टणाटणा कशी चालू? एवढंच होतं माझ्या डोक्यात. लाज. दुसरं काही नाही.

"ताईले बसू दे, भैया," शेवंताबाई म्हणाली. "हम आते पीछे से."

आणि मी बसले.

तुम्ही म्हणाल, बसलात, पण वाटेत तरी? वाटेत चकचकीत दुकानं होती. अत्तरांचा वास येत होता. सरकते पट्टे, काचेतून दिसणारी विमानं. मी मान वळवून वळवून पाहत होते. इतकं झकास मला आयुष्यात कोणी फिरवलं नव्हतं. गेटवर मला सोडून तो माणूस म्हणाला, "उनको भी कोई ले आएगा," आणि दुसऱ्या कामाला गेला. मी तिथे बसून राहिले. माणसं आत जायला लागली. गेटवर एक साडीतली मुलगी हिंदीत बोलत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. तिला एवढंच सांगायचं होतं — बेटा, एक बाई मागे आहे, काठी घेऊन येते आहे, थांबा जरा. दहा पावलं. पण ती दहा पावलं चालून जायची कशी? मी तर चालू शकत नव्हते ना!

मला खुर्चीसकट आत नेलं. शेजारची जागा रिकामी. दार बंद झालं. मी दाराकडे पाहत राहिले, मग पट्टा लावला, मग विमान उडालं.

आता जे सांगते ते सांगताना आजही मला माझा धक्का बसतो. खिडकीजवळची माझी जागा, मधली तिची, आणि दोन्हींच्या मधला खुर्चीचा हात वर करता येतो असं एका बाईने दाखवलं. मी तो वर केला. तिच्या जागेवर पाय पसरले. आणि झोपले. चौदा तासांतले सात-आठ तास मी गाढ झोपले, घोरलेही असेन. जेवण आलं तेव्हा उठून दोन गोड पदार्थ खाल्ले — माझा आणि तिचाही, कारण त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

कोण होती ती बाई? मीच ना?

पुढचे सहा महिने मजेत गेले, हे कबूल करावंच लागेल. नातू माझ्या खांद्यावर झोपायला शिकला. बर्फ पडलेला पाहिला, आणि तो अगदी आवाज न करता पडतो हे पाहून खुळ्यासारखी रडले. एकटीने बस पकडून वाचनालयात जायला शिकले. तिथे एक चिनी आजी भेटायची, दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर गप्पा. मात्र नायगारा मी खुर्चीतून पाहिला. मुलाने भाड्याने आणली होती. चढावर तो धापा टाकत ढकलत होता आणि मी, रोज चार चकरावाली, छत्री धरून बसले होते. हळूहळू मी लंगडणं कमी केलं. सुनेला म्हणाले, इथली हवा मानवली. ती माझ्या गुडघ्यांचं कौतुक फोनवर तिच्या आईला सांगायची.

शेवंताबाईच्या जावयाचा नंबर माझ्या डायरीत होता. तिनेच विमानात लिहून दिला होता, आणि माझा रायपूरचा घेतला होता. सहा महिन्यांत मी एकदाही लावला नाही. पोचली असेल, म्हणायचे. पुढच्या विमानाने पोचली असेल. डायरी मी बॅगेत तळाशी ठेवली होती.

रायपूरला परत आले त्याच्या आठवड्याभरात तिचा फोन. "ताई, पोचल्या का वापस? गुडघे कसे हायेत? घरी या ना एकडाव."

गेले. न जाऊन कशी राहणार? ऑटोवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. मी आपली झपाझप निघाले. पुढून चौथ्या दारात ती काठी घेऊन उभी दिसली — आणि माझा उजवा पाय ओढायला लागला. आपोआप. मी त्याला सांगितलं नव्हतं. तिच्या दारापर्यंत मी लंगडत गेले.

तिने मला खाली बसू दिलं नाही. घरातली एकुलती खुर्ची ओढून दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकली. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका मुलीचा फोटो, हार घातलेला. गोल चेहरा, आईसारखाच.

मी काही विचारण्याआधीच ती सांगू लागली. रडली नाही. खूपदा सांगून झालेलं असावं. "दुसरी खुर्ची आलीच नाही, ताई. मंग चालत निघाली. भित धरून धरून. पोचली तं दार लागून गेलं होतं. मंग दुसऱ्या दिवशीचं इमान देल्लं. तिथं गेली तं पोरगी नव्हती. आदल्या दिवशी सांजेपर्यंत बोलत होती म्हणते जावाई. आई कुठंवर आली, आई कुठंवर आली — येवढंच इचारे."

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. माझं विमान दुपारी उतरलं होतं. त्या संध्याकाळी ती मुलगी त्याच शहरात जिवंत होती, बोलत होती, आणि मी मुलाच्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. सून गुडघ्यांना शेक देत होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. शब्द तोंडापर्यंत आलेही. मी "शेवंताबाई" असं म्हणाले — आणि पुढे "अरेरे, फार वाईट झालं" एवढंच बाहेर पडलं. त्यानंतर आठ वर्षं ती जगली. गुढ़ियारी आमच्या घरापासून किती लांब? ऑटोने वीस मिनिटं. मी पुन्हा गेले नाही.

माझे गुडघे आजही ठणठणीत आहेत. सकाळी चार चकरा होतात.

त्या दिवशी निघताना ती दारापर्यंत आली, काठी टेकत. मी पायरी उतरत होते, उजवा पाय जपून, लंगडत. तिने माझा दंड धरला, मला सावकाश खाली उतरवलं, आणि म्हणाली,

"बरं झालं ताई, खुर्ची तुमाले भेटली. मी तं कशीबशी चालली तरी. तुमाले तं तेवढंबी चालता आलं नसतं."