थरथर मोजणाऱ्यांचं ऐकतं कोण

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. हाताला लागलेल्या ग्रीससारखे ते आपोआप घरी येतात, आणि कितीही साबण लावला तरी नखांत थोडे उरतातच.

काम सांगायला सोपं आहे. लातूर-नांदेडकडच्या दालमिल, जिनिंग, पाण्याचे पंप यांची थरथर मोजायची. चुंबकाचा सेन्सर बेअरिंगपाशी चिकटवला की तो सेकंदाला हजारो वेळा थरथर टिपतो. मग लॅपटॉप त्या गोंधळातून एकेक थरथर सुटी करून रेघांत दाखवतो. ही शाफ्टची, ही बेअरिंगची, ही ढिल्या बोल्टची. वरातीच्या बँडमधून नेमका कुणाचा ताशा फुटलाय ते ओळखावं, तसं. औशाच्या ऑफिसात आम्ही दोघंच. उदगीरचे बसवराज सर, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मी. लोक आम्हाला मशीनचे डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरनं काही सांगितलं तर माणूस घाबरतो तरी!

*

लोह्याजवळची एक जिनिंग. ऐन कापसाचा हंगाम, आवारात गाड्यांची रांग लागलेली. मोठ्या पंख्याच्या बेअरिंगची रेघ चांगलीच वर आली होती. सर मॅनेजरला म्हणाले, "पंखा बंद करा. बेअरिंग बदलल्याशिवाय चालवू नका."

मॅनेजरनं मशीनवर हात ठेवला. "आवाज न्हाई, गरम न्हाई. खामखा कशाला बंद करू? बाहेर रांग बघा की."

आम्ही पुन्हा सांगितलं, समजावलं आणि निघून आलो. त्याच आठवड्यात बेअरिंग जाम झालं, ठिणग्या उडाल्या आणि कापसाच्या ढिगाला आग लागली. माणसं वाचली. कापूस गेला.

आम्ही बघायला गेलो तेव्हा मॅनेजर काळ्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसला होता. मला वाटलं, चिडेल किंवा मान खाली घालेल. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमी जरा जोरात सांगायला पाहिजे होतं."

*

मुखेडला सोमनाथशेठची तेलमिल. आम्ही येणार म्हणून शेठनी खंडेनवमीला करतात तशी सगळी मशीनं नव्यानं रंगवून घेतलेली. रंगाचे थरावर थर! सेन्सर त्या रंगावरच चिकटला, त्यामुळे लोखंडातली बारीक थरथर त्याच्यापर्यंत पोचेचना. स्क्रीनवर सगळं सपाट. शेठनी लगेच पेढे मागवले.

सरांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि पत्र्याच्या तुकड्यानं रुपयाएवढा रंग खरवडला. सेन्सर लोखंडाला लागला तशी बेअरिंगची रेघ टुणकन वर आली.

शेठनी स्क्रीनकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सर, परत रंग देऊन बघायचं का?"

हसलो आम्हीच. शेठ खरंच विचारत होते.

*

बिलोलीकडच्या एका गावात नळाच्या पाण्याचा पंप हादरायचा. आमच्या आधी कुणीतरी साधं मीटर घेऊन येऊन गेलं होतं. ते मीटर फार सावकाश टिपायचं. मोबाइलवर फिरत्या पंख्याचं शूटिंग केलं की पाती कधी हळू, कधी उलटी फिरताना दिसतात ना, त्यातलाच प्रकार. टिपण्याचा वेग कमी पडला की मुळात नसलेली संथ थरथर दिसायला लागते. त्या मीटरला पंप संथपणे डोलताना दिसला. मग पाया खचलाय असं ठरलं. भर उन्हाळ्यात पाया फोडला, नवा ओतला. तोवर गाव टँकरवर. पंप सुरू केला, तर हादरणं तसंच!

मग आम्हाला बोलावलं. दोष मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये होता. दोघं एका रेषेत बसले नव्हते. सरांनी ते सरळ करून घेतलं आणि पंप गुमान चालू लागला.

पंप चालवणारा गंगाधर गावातलाच. त्यानं विचारलं, "सर, म्हंजी पाया चांगलाच होता?"

"हाव. पायाला काही झालं नव्हतं."

गंगाधरनं हातातलं फडकं पंपावर ठेवलं. "माझी माय टँकरच्या गर्दीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता खाटेवरच हाय." मग आमच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे मीटर आधी कामून न्हाई आणलं?"

आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं. हे त्याला सांगता आलं असतं.

*

नांदेडच्या एका पीठगिरणीत आम्ही कायमचा सेन्सर बसवून दिला. थरथर हद्दीत असेल तर हिरवा दिवा, हद्द ओलांडली की लाल. काही महिन्यांनी सहज फोन केला, तर फोरमन वसंतराव खुशीत. "मॅडम, आता काहीच तरास न्हाई. सारखा लाल लागून राहिला होता. इथल्या इलेक्ट्रिशियनला सांगून हद्द वाढवून घेतली. आता हिरवागार!"

मी म्हटलं, "वसंतराव, मशीन बंद करा. आम्ही निघालो."

आम्ही अहमदपूरपर्यंत पोचलो तोवर चालूच ठेवलेल्या मशीनचं कपलिंग तुटून त्याचा तुकडा त्यांच्या गुडघ्यावर बसला होता. दवाखान्यात भेटायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये. बायको उशाशी, आमच्याकडे पाठ करून बसलेली. वसंतराव मात्र अजून कोड्यातच होते. म्हणाले, "मॅडम, दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता."

*

सरांना कमी ऐकू यायला लागलं, हे सरांशिवाय सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. जेवायला बोलावून वहिनींचा घसा बसायचा. शेवटी मीच त्यांना लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली, आलेख छापून आला. डॉक्टर समजावायला लागणार, तेवढ्यात सरांनी कागद ओढून घेतला.

"चार हजार हर्ट्झला खड्डा दिसतोय," सर म्हणाले. "ही ब्लोअरच्या घोंघाटात उभं राहण्याची कमाई. खालचे आवाज ठीक हायत. बारीक आवाज गेले."

डॉक्टर चकित. "अगदी बरोबर. तुम्ही याच लाइनमधले का?"

"जवळपास. मग आता बदलायचं काय?"

"बदलण्यासारखं काही नसतं हो. गेलेलं परत येत नाही. मशीन लावून घ्या कानाला."

सरांनी कागदाची नीट घडी घातली. बाहेर आल्यावर म्हणाले, "मीच लोकांना सांगत आलो, वेळेवर दाखवा म्हणून." औशाला परतताना गाडीत त्यांनी तो कागद पुन्हा उघडून बघितला. समजूत घालायची तर मला गाडीच्या आवाजावरून ओरडावं लागलं असतं.

*

लातूरचे मल्लिकार्जुनअप्पा हे आमचं सगळं ऐकणारं एकमेव गिऱ्हाईक. बेअरिंग बदला म्हटलं की बदलणार, तोल साधून घ्या म्हटलं की त्याच दिवशी मिल बंद. त्यांच्या दालमिलमधला टरफल ओढणारा मोठा पंखा तर त्यांचा फार लाडका, त्याला ते 'आमची लेक' म्हणायचे. सकाळी कपाळाला विभूती लावून आले की आधी त्याच्यापाशी उभे राहायचे.

एकदा त्यांचा फोन आला. "सर, येऊन एकदा पंखा बघून जा."

गेलो, तर आवारात भंगारवाल्याचा ट्रक उभा. मुलं हैदराबादला स्थायिक झालेली, मिल विकलेली, जागेवर प्लॉट पडणार होते. आत सगळं बंद होतं, फक्त पंखा चालू.

सरांनी नेहमीसारखा सेन्सर लावला. मी स्क्रीन उघडली. शाफ्टची एक बारीक रेघ, बाकी सगळं स्वच्छ. इतका स्वच्छ आलेख मी आजवर पाहिला नव्हता.

"काय म्हणतीय?" अप्पांनी विचारलं.

सर म्हणाले, "काही दोष न्हाई अप्पा. अजून लई वर्षं चालंल."

अप्पांनी मान हलवली. "बरं झालं. आजारी असताना पाठवली असती, तर जिवाला लागलं असतं."

त्यांनी स्वतःच्या हातानं स्विच बंद केला. बेअरिंगं चांगली असली की बंद केलेला पंखा बराच वेळ फिरत राहतो. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. भंगारवाला पाना घेऊन दारात आला. "अप्पा, खोलायला घेऊ का?"

अप्पांनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब. अजून फिरून राहिली ती."