वटवट्या नेमका कुठला

भंगाराच्या वाड्यात त्याला सगळे घण म्हणायचे. पाठीमागे, बरं का. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं त्याने जुन्या मोटारी फोडल्या, आणि मोटारींवर भागलं नाही तेव्हा माणसं. वजनकाट्यावरच्या कारकुनाचे दोन दात पाडले. सख्ख्या मेव्हण्याला जिन्यावरून ढकललं. बायकोचं मनगट तर दोनदा मोडलं. ती वारली आणि लेकीने त्याच्याशी बोलणं टाकलं.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. ती दर रविवारी सकाळी पक्षी बघायला जायची. म्हणाली, "एक सकाळ आमच्याबरोबर या. आवाज चढवायचा नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही. जमलं, तर पुढच्या रविवारी बाळाला घेऊन घरी येते." नातू आठ महिन्यांचा झाला होता आणि या आजोबाने त्याचा फोटोही पाहिला नव्हता.

गेला बिचारा. तळ्याकाठी सात-आठ जणांच्या मागे गरीब गाईसारखा चालला. तासभर सगळं ठीक होतं. मग झुडपात बोटाएवढा, हिरवट पक्षी दिसला.

"वटवट्या," पुढे चालणारे टक्कल पडलेले मास्तर म्हणाले. "दोन प्रकार आहेत याचे. रंग, चोच, पिसं, सगळं सारखं. गाण्यावरूनच ओळखायचा."

पक्षी एकदाच गायला. लेक म्हणाली, "हा पहिला."

"दुसरा!" मास्तर हसले. "ताई, दोन वर्षांत कान तयार होत नाहीत. थांबा, परत गाऊ दे."

बाकीचेही हसले. घाव घालून घालून घणाचे कान कामातून गेले होते. त्या गाण्यातलं त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. हसणं मात्र लख्ख ऐकू आलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोरीला हसतात! गाणंबिणं सगळ्या थापा. वाड्यात दोन गिअरबॉक्स सारखे दिसले की तो सरळ फोडून आत बघायचा, झालं!

त्याने दगड उचलला. नेम पक्का होता. पक्षी पानांतून खाली पडला.

"अरे राक्षसा!" मास्तर धावून आले. घणाने एकच ठोसा दिला. ओठ फाटला, मास्तर आडवे झाले, त्यांची दुर्बीण दगडावर फुटली. दोघांनी त्याला मागून धरलं, तर त्यातल्या एकाला त्याने काट्यांत भिरकावलं. मग वाकून पक्षी उचलला आणि लेकीपुढे धरला.

"बघ, नीट बघ आणि सांग त्या टकल्याला. तूच बरोबर असणार."

तिने पक्षी घेतला. अजून गरम होता. पंख उलगडला, चोच उलटसुलट करून पाहिली. तिच्या नखाला रक्त लागलं.

"बाबा, याच्यावरून काहीच कळत नाही. तो गायला असता तर कळलं असतं."

"अगं, तुझ्यासाठीच केलं मी!"

"माहीत आहे. आईलासुद्धा तिच्या भल्यासाठीच मारायचात."

त्याला धाप लागली होती. त्याने हळूच विचारलं, "रविवारी आणतेस ना गं त्याला?"

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"कुठल्या हातात देऊ, बाबा?" ती म्हणाली, आणि मास्तरांना उठवायला गेली.