तिसरं नको

डोंगरातल्या आमच्या पदुम गावात पाहुणा "नको" म्हणाला, तर ते खरं धरायचं नसतं. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसऱ्याला तो प्यालाच हाताने झाकतो. तेव्हा त्याचा हात बाजूला सारून चहा ओतायचा. पहिल्याच विचारण्याला जो "द्या" म्हणतो त्याला आईबापांनी वळण लावलं नाही. आणि पहिल्याच नकोला जी किटली उचलून नेते, तिला पाहुणा नकोसा झाला. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. कुंझेसला तर मुळीच नाही. तरुणपणी लग्नघरात तिच्या हातात किटली दिसली की म्हातारेकोतारे प्याले लपवून पळ काढायचे!

पण रस्ता झाला आणि खालच्या सपाट मुलखातली माणसं डोंगर बघायला यायला लागली. कुंझेसने घरामागच्या सातूच्या शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. नवरा खिंडीतल्या रस्त्याच्या कामावर, सासू चुलीपाशी माळ ओढत बसलेली. मग राबायचं कुणी? हिनेच. पहाटे गाई, मग गरम पाण्याच्या बादल्या, मग चादरी, मग कुणाला अंडं हवं तर कुणाला अंड्याचा वासही सोसत नाही. त्यात ही खालची माणसं नको म्हणाली की नकोच! सुरुवातीला तिने आपल्या रीतीने आग्रह केला, तर एका बाईने चक्क कोपरापासून हात जोडले. "अहो, सांगितलं ना एकदा!" कुंझेसचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून ती एकदाच विचारायची. नको? बरं. किटली पुढे. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच पडलं. आग्रहालाही अंगात बळ लागतं, ते तिच्यात उरलंय कुठे?

त्या खोल्यांवरूनच थोरल्या भावाशी फाटलं होतं. ल्हुंडुप नदीपलीकडच्या गावात राहायचा. ते शेत बापाने लेकीला दिलेलं, पण लहानपणी त्यातले दगड वेचून वेचून ल्हुंडुपच्या बोटांची सालं निघाली होती. पहिली भिंत उभी राहिली तेव्हा तो आला आणि अंगणातूनच ओरडला, "बापाच्या सातूवर संडास बांधतेस? तुझ्या हातचा चहा प्यायलो तर नाव बदलीन!" गेला तो गेलाच. मग कितीतरी हिवाळे गेले. दर नव्या वर्षाला कुंझेस त्याच्या नावाने एक प्याला मांडायची आणि संध्याकाळी मुकाट उचलून ठेवायची. एकच भाऊ, आणि तोही नदीपलीकडे असून नसल्यासारखा. आत सलत राहायचं.

यंदा ऐन हंगामात पाण्याचा नळ फुटला. घर पाहुण्यांनी भरलेलं, कुंझेसच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आलेली. ती किटली घेऊन ओळीने विचारत होती. चहा? नको. चहा? नको. तेवढ्यात दाराशी कुणीतरी टोपी काढली. ल्हुंडुप! केस पार पांढरे झालेले. थोरला भाऊ असून तो दाराजवळ, अगदी खालच्या जागी बसला.

"आचो..." एवढंच कुंझेसच्या तोंडून निघालं. लहानपणापासून ती थोरल्या भावाला आचोच म्हणायची. तेवढ्यात न्हाणीघरातून कुणीतरी ओरडलं, "बाई, अंगाला साबण लावलाय, पाणी गेलं!"

"चहा घेणार, आचो?"

"नको गं."

"बरं," तिचं तोंड बोलून गेलं, आणि बादली घेऊन ती पळाली.

परत आली तेव्हा दाराजवळची जागा रिकामी होती. चुलीपाशी सासू माळ थांबवून तिच्याकडे बघत होती.

"काय गं बये केलंस हे? भाऊ आपल्या पायांनी उंबरा चढून आला, आणि तू त्याला एका नकोवर वाटेला लावलंस? किटलीकडे बघत बसला होता बिचारा!"

"मग आबी, तुम्ही तरी ओतायचात!"

"मी ओतून काय उपयोग? शपथ माझ्या हातच्या चहाची घेतली होती होय त्याने?"

कुंझेस मटकन खाली बसली. गेला तर गेला, तिला वाटलं. कंटाळले मी. बसल्या जागी झोपावं आणि हिवाळा लागल्यावर उठावं. मग तिने डोळे पुसले, किटलीच्या तोटीला मानाच्या पाहुण्यासाठी लावतात तसं बोटभर लोणी लावलं आणि निघाली.

ल्हुंडुप गावाबाहेर मंत्रकोरल्या दगडांच्या लांब भिंतीशी पोचला होता. रीतीप्रमाणे भिंत उजव्या हाताला ठेवून, गुडघे सांभाळत चालला होता. कुंझेस जवळच्या, उलट्या बाजूनेच धावली. पाप लागलं तर लागो, नंतर बघू! भिंतीच्या टोकाला तिने त्याला गाठलं.

"उलट्या बाजूने आलीस," तो म्हणाला.

"आचो, चहा घ्या."

"नको."

"घ्या ना."

"नको म्हटलं ना."

तिसऱ्यांदा विचारायला तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ती तिथेच धुळीत बसली. "आचो, माझ्यात आग्रह करायचंही त्राण नाही हो आता. पहाटेपासून सगळ्या जगाला विचारतेय. तुम्हीच काय ते ठरवा." आणि तिला रडू कोसळलं.

ल्हुंडुपने अंगरख्याच्या घडीत हात घातला आणि धुतल्या फडक्यात गुंडाळलेला आपला लाकडी प्याला काढला. घरून निघतानाच घेऊन निघाला होता. तो पाहून कुंझेसला आणखीच हुंदका आला. त्याने तिच्या हातातून किटली घेतली, प्याला भरला आणि तिच्यापुढे धरला.

"घे."

"नको, तुमच्यासाठी आणलाय..."

"घे गं."

"नको, आचो."

त्याने प्याला तिच्या ओठांशीच नेला. "तुला कुणी 'घे' म्हणतं का गं हल्ली?"

कुंझेसने आठवून पाहिलं. एकही माणूस आठवेना. अर्धा प्याला ती घटाघट प्यायली. चहा कोमट झाला होता. उरलेला ल्हुंडुपने संपवला, मिशा पुसल्या आणि प्याला परत पुढे केला.

"आता नाव बदलावं लागेल की तुम्हाला," ती नाक ओढत म्हणाली.

"ते बघू. आधी भर. एका प्याल्यावर भावाची बोळवण करतात होय?"