शालनची राणी

रेवा, अनिश, हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगण्याचा प्रश्नच मिटला. मिटला का? मग तुम्ही फोनवर “आजी, तुझ्यासारखा मध इथे मिळतच नाही” म्हणता, तेव्हा मी विषय का बदलते?

तुमची शालनआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, पलीकडच्या दारातली. पेडण्याला प्रशिक्षण झालं तेव्हा मधमाश्यांची एकेक पेटी आम्हा दोघींना एकदमच मिळाली. मी इंग्रजी पुस्तकं मागवून वाचली. ती नुसती पेटीपाशी जाऊन बसायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, काजूचं भाट, म्हणजे बागायत, तीही सामाईक — तिचं स्वतःचं असं या घरात काय होतं? एक ती पेटी.

तुम्ही दोघं पहिल्यांदा मे महिन्यात येणार होता, त्या वर्षीची गोष्ट. पोळ्यातला मध बोटाने खायला घालीन, असं मी तुम्हाला कबूल केलं होतं. माघात काजू मोहरला. पेटी भरते ती याच दिवसांत — नाहीतर भरत नाही. मी माझी पेटी उघडली आणि पाहतच राहिले. पोळ्यातली घरं अधूनमधून रिकामी, आणि भरलेल्यांवर फुगीर टोपणं. म्हणजे आत सगळे नर. राणी थकली की तिच्या अंड्यांतून नरच निपजतात. ते ना मध आणतात, ना पिल्लं सांभाळतात. कामकरी माश्या मरत जातात आणि पेटी संपते.

उपाय मला माहीत होता. म्हातारी राणी मारायची, चांगल्या पेटीतली अंड्यांची एक चौकट आणून ठेवायची; माश्या आपली नवी राणी आपणच घडवतात. ती चौकट शालनच्या पेटीत होती. मागितली असती तर तिने हसत दिली असती. पण नवी राणी तयार होईपर्यंत मोहोर थांबणार नव्हता — असं मी स्वतःला सांगितलं. खरं काय होतं? माझी पेटी बिघडली आणि तुझी चांगली आहे, एवढं वाक्य मला शालनपुढे बोलायचं नव्हतं.

तेवढ्यात तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती नार्व्याला माहेरी गेली. जाताना म्हणाली, “वयनी, माझ्या पेटयेर नजर ठेव गो.”

ठेवली. दुपारी, भाटात कुणी नसताना, तिची राणी काढून मी माझ्या पेटीत घातली. आणि माझी? मारायला हवी होती. नाही मारली. शालनने झाकण उघडलं तर आत राणी दिसायला हवी ना — म्हणून ती थकलेली राणी तिच्या पेटीत सोडली. माश्यांनी परकी राणी स्वीकारीपर्यंत दोघींना जाळीच्या पिंजरीत ठेवावं लागतं. तेही सगळं मी नीट केलं. शालन परतण्याआधी पिंजऱ्या काढून, धुऊन, जागच्या जागी ठेवल्या.

आई गेल्यावर सुतक फिटायच्या आतच ती परत आली. मन लागेना, म्हणून थेट पेटीकडे गेली.

फाल्गुनात तिने मला हाक मारली. “बघ गो वयनी, सगळे नरच! कामाक कोण नाय, नुसते बसान खातत — आमच्या गावच्या घोवांसारखे!” ती हसली. मीही हसले.

पुढे तिचं हसणं थांबलं. पेटी ओस पडत गेली. माझी मात्र भरत होती.

आमच्याकडे या माशीला सातेरी म्हणतात. गावच्या देवीचंही नाव तेच. शालन कौल लावायला देवळात गेली आणि मला बरोबर घेतलं — वयनी शिकलेली, नीट विचारील म्हणून. पण विचारलं तिनेच. “सुतकात पेटी उघडलंय मी. म्हणान गेली काय, इतक्यांच विचार.” गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीला पाकळ्या लावल्या. आम्ही थांबलो. त्या वेळी मी एक वाक्य बोलले असते तर? एकच.

उजवी पाकळी पडली. म्हणजे होय.

मी हात जोडले.

तिने नारळ ठेवला, दोष मान्य केला आणि रिकामी पेटी माझ्या अंगणात आणून ठेवली. “माझो हात नको तिका. तुझ्या हाताक गुण आसा.” मी ती पेटी घेतली. आजही तीत माश्या आहेत.

मे महिन्यात तुम्ही कोपरापर्यंत मध ओघळवत खाल्लात. शालन माडीच्या जनेलातून, खिडकीआडून, बघत होती. तुम्ही हाका मारल्यात, तरी खाली आली नाही. त्यानंतर तिने कुठल्याच पेटीला हात लावलेला नाही. विहिरीवर जायचं तरी भाटाला वळसा घालून जाते.

ती आहे अजून, पलीकडच्या दारात. तिला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, समुद्रापलीकडे.

दरवर्षी मधाची पहिली बाटली मी तिला नेऊन देते. ती आधी कपाळाला लावते, मग आत नेते.