चौकातला फ्लेक्स

काल केंदूरला कांद्याचा ढीग झाकायला जुना फ्लेक्स उलगडला, तर रबरी वासासकट पुतणीचा हसरा चेहरा बाहेर आला आणि त्याखाली हात जोडलेले चार पुढारी. युक्रेनमध्ये रशियाचं सैन्य घुसलं तेव्हा ती तिथं डॉक्टरकी शिकत होती. आम्ही टीव्हीसमोरून हलत नव्हतो. एका चॅनेलवर तिचं शहर पडलं होतं, दुसऱ्यावर ते अजून लढत होतं, आणि तिसऱ्यानं सरकारच्या हवाल्यानं सांगून टाकलं, आपली सगळी मुलं सुखरूप बाहेर पडली. संध्याकाळच्या आत चौकात फ्लेक्स लागला, ‘लेकीला सुखरूप आणल्याबद्दल जाहीर आभार’. वहिनी पेढे वाटत होती, तेवढ्यात पुतणीचाच फोन आला. माझे वडील, आबा, फोनवर ओरडले, "उतरलीस व्हय दिल्लीला?" "न्हाई आबा, अजून तळघरातच हाय. टीव्हीत काय सांगत्यात?" आबांनी टीव्हीकडं बघितलं. "टीव्हीत तू कवाच आलीयास. आन् चौकात फ्लेक्सबी लागलाय तुझा." त्या तळघरातून मोठ्यांदा हसण्याचा आवाज आला; वहिनी मात्र पेढ्यांचा बॉक्स धरून रडायला लागली. बातमी फुटताच पुढाऱ्यांची माणसं शिडी घेऊन फ्लेक्स काढायला आली, तर आबा खांबाला पाठ लावून उभे. "हात लावायचा न्हाई. लिवलंय ना, आता तसं करून दावा." पोरगी खरंच घरी आली तोवर उन्हानं पुढाऱ्यांचे चेहरे पार विटले होते. अजूनही टीव्हीवर कुठल्या लढाईची बातमी लागली, की आबा आवाज बंद करतात आणि मला विचारतात, "तिथं कुणाची पोरगी हाय का बघ. तिला फोन लाव."