सोड म्हणायचं राहिलं

बोलता बोलता ते एकदम मान डावीकडे कलवायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. कुठंतरी गळतंय."

मग आपणही मुकाट्यानं कान द्यायचा. आपल्याला काही ऐकू येत नसे. ते मात्र उठून नळाकडे, गॅसच्या शेगडीकडे नाहीतर कुणाच्या स्कूटरच्या चाकाकडे जात आणि नेमकं तिथंच गळत असे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याला घरी बोलवायची थोडी भीतीच वाटते.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते कॉम्प्रेसरवर होते. पाइपातून हवा कुठे निसटते हे बाकीचे लोक साबणाचं पाणी लावून, बुडबुडे बघून शोधतात. हे नुसत्या कानानं शोधत. "बुडबुडा मागून येतो, आवाज आधी," असं त्यांचं म्हणणं. त्यावरून त्यांचं नावच हवावाले पडलं होतं.

आमची गाठ पडली उस्मानपुऱ्यातल्या एका विहाराच्या माडीवर. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, माझा देवधर्म दिवाळीपुरता. पण रक्तदाब वाढला आणि डॉक्टर म्हणाले, शांत बसून श्वासाकडे बघत जा. विहारात दर रविवारी सकाळी आनापान चाले. ऐकायला सोपं आहे. मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि नाकपुडीपाशी श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघायचं. ओढायचा नाही, रोखायचा नाही. बैठक घेणारे भन्तेजी त्या वेळी पंखेसुद्धा बंद करायला लावत. एवढं सोपं काम मला महिनाभर जमलं नाही.

"मॅडम, तुमचं बाहेर जाताना अडखळतंय," पहिल्याच दिवशी हवावाले मला जिन्यात म्हणाले. "आन् ते खिडकीपाशी बसणारे साहेब ध्यान नाय करत, झोपत्यात. त्याचा आवाज येगळा येतो."

साहेब मागेच होते. पुढच्या रविवारी त्यांनी जागा बदलली.

श्रावण संपत आला होता. एकदा बैठक सुटली, सगळे सतरंज्यांच्या घड्या घालू लागले, पण हवावाले मान कलवून बसूनच राहिले.

"आज आपण किती जण?"

"चौदा," मी म्हणाले. हजेरी घ्यायची सवय सुट्टीच्या दिवशीही जात नाही.

"मग पंधरावं कोण? आत घेतंय, बाहेर सोडतच नाय."

आम्ही हसलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कारखान्यात गळती शोधावी तसे ते जागा बदलत सरकत गेले आणि शेवटी जादा सतरंज्यांची चवड असलेल्या कोपऱ्यापाशी येऊन थांबले. तिथे कुणीच बसत नसे. त्यानंतर तर त्या बाजूची अख्खी रांग रिकामी राहू लागली. मीही दारापाशी सरकले. विज्ञान शाळेत शिकवायला ठीक असतं.

भन्तेजींनी त्यांना समजावलं, "दुसऱ्याचा श्वास नका बघू. आपलाच बघा."

"आपलाच बघतो जी," हवावाले म्हणाले, "पर त्यो आवाज वळखीचा हाय."

एकदा खाली रिक्षाची वाट बघताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या बायकोला दमा होता. वीस-बावीस वर्षं ते तिच्या श्वासावर कान ठेवून झोपले. तो कान कारखान्यात नव्हे, घरातच तयार झाला होता. कोरोनाच्या वर्षी तिला दवाखान्यात नेलं आणि यांना फाटकाबाहेर थांबवलं. एका नर्सबाईला दया आली, तिनं मोबाइलवर दोन मिनिटं बायकोचं तोंड दाखवलं.

"तिला बोलाया येईना. म्या म्हणलो, दम धर, मी आलोच. तिनं मान हलवली. फोन बंद झाला. मला कुणी आत सोडलं नाय."

दम धर म्हणजे जरा थांब, धीर ठेव. बसला उशीर झाला तरी आमच्याकडे हेच म्हणतात. मी तसं त्यांना समजावूनही सांगितलं, अगदी मास्तरणीच्या थाटात.

"मला कळतंय, मॅडम. पर ती माझा शब्द धरून बसायची. धर म्हणलो. सोड म्हणायचं राहिलं."

"मग आता म्हणा की."

"दम सोड?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जीभ चावावीशी वाटली. "म्हंजे जीव सोडच की. बायकूला कोण म्हणंल तसं?"

पुढच्या रविवारी आम्ही डोळे मिटल्यावर थोड्या वेळानं पावलं वाजली. मी डोळे किलकिले केले. हवावाले त्या कोपऱ्यात सतरंज्यांकडे तोंड करून बसले होते. मी पुन्हा डोळे मिटले आणि मग मलाही ऐकू आलं. कुणीतरी श्वास आत घेत होतं, सुईच्या नेढ्यातून ओढावा तसा, बारीक शिट्टी वाजत. तो आत गेला आणि पुढे काहीच नाही. मी वाट बघत राहिले. माझाही श्वास थांबला आहे हे छाती दुखू लागली तेव्हा कळलं.

"येतो म्हणलो व्हतो, जमलं नाय," हवावाले घरातल्यासारखे बोलले. "लई दम धरलास. बास आता. सोड."

मग तो श्वास बाहेर पडला. खूप वेळ पडत राहिला. कोपरा माझ्यापासून वीस पावलं लांब होता, पंखे बंद होते, तरी माझ्या कानामागचे केस हलले.

बैठक सुटली. भन्तेजींनी उठून पंखा लावला.

हवावाले त्यानंतर विहारात आले नाहीत. तीन रविवार वाट बघून मी शेंद्र्याला त्यांच्या घरी गेले. अंगणात पिंजारी जुनी गादी उसवून कापूस पिंजत होता आणि हे पायरीवर बसले होते.

"तिची हाय," ते म्हणाले. "तिला आडवं होता यायचं नाय. भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. बसून बसून गादीला खड्डा पडला व्हता. इतकी वर्षं म्या कुणाला हात लावू दिला नाय." मग म्हणाले, "आता घरात काहीच ऐकू येत नाय, मॅडम."

पिंजाऱ्यानं गादी शिवून अंथरली. चांगली फुगलेली, सपाट. हवावाल्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. खड्डा सापडेना. तेव्हा ते मोठ्यानं रडू लागले. पिंजारी सुई-दोरा ठेवून बाजूला झाला.

मला फार वाईट वाटलं. ती गेली त्या वर्षी भीतीपायी त्यांच्या दारात कुणी आलं नसणार, तेव्हा कुणाच्याच दारात कुणी जात नव्हतं. मी उठून शेजारच्या घरी गेले. तिथली बाई मेथी निवडत होती.

"आज यांची चूल पेटायची नाही," मी म्हणाले.

कोण गेलं, असं तिनं विचारलं नाही. मेथी बाजूला सारली आणि परातीत भाकरीचं पीठ घेतलं.